लोखंड्यांचा रविवार कुणी खाल्ला?

"दिवसातून पाच मिनिटं स्वतःसाठी काढा" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. दीर्घ श्वास घ्या, मोबाईल बाजूला ठेवा, गवतावर अनवाणी चाला... सगळं चांगलंच आहे, प्राणायाम मीही करते. पण ती पाच मिनिटं काढायची कुठून, ते कुणी सांगत नाही. आमच्या ऑफिसात ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवलं होतं. कधी? शनिवारी सकाळी दहाला! हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. व्याख्यात्या बाई जीव तोडून सांगत होत्या की सुट्टीच्या दिवशी कामाचं काही बघू नका, आणि तेव्हाच मॅनेजर ग्रुपवर सोमवारच्या कामांची यादी टाकत होता.

उसंत एकट्यादुकट्याला मिळत नसते. चारचौघांनी मिळून ठरवली आणि वरच्याला मान्य करायला लावली, तरच मिळते. हे मी मनाचं सांगत नाही, आपल्याच मुंबईत घडलेलं आहे.

साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत. गिरणी कामगाराला मात्र आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी थक्क व्हायला होतं. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. अर्धा तास विश्रांती हवी म्हणून हजारो माणसं सह्या करतात (ज्यांना सही येत नसेल त्यांचे अंगठेच असणार), तेव्हा त्यांना कुणी 'टाइम मॅनेजमेंट शिका' म्हणालं नसेल, अशी आशा आहे.

तरी सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. कोण होत्या, घरी किती पोरं होती, दिवसभर गिरणीत उभं राहून बोलायचं बळ कुठून आणलं, याचा मी कितीदा तरी विचार करते. अखेर १० जून १८९० ला मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी.

आणि आपण काय करतोय? २०२३ मध्ये एका नामवंत उद्योजकांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. २०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्यांनी आकडा ९० वर नेला, रविवारसकट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांमधली कामाची मर्यादा दिवसाला ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. उलट बाजूनं सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, २०१८ मध्ये. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयकांचं जे होतं तेच याचंही झालं, मंजूर झालं नाही.

पुण्याच्या 'दुपारी १ ते ४ बंद'वर सगळा महाराष्ट्र हसतो. हसा. मला त्या पाटीबद्दल आदर आहे. सकाळी शटर उघडून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर बसणारा माणूस मध्ये घरी जाऊन गरम जेवतो, डाव्या कुशीवर तासभर पडतो, यात गिऱ्हाइकाचं काय बिघडतं? गोव्यात दुपारी बाजार मिटतो, त्याला आपण कौतुकानं सुशेगाद म्हणतो. पुणेकरानं तेच केलं की माज. गंमत म्हणजे ती पाटी चालायची ती शेजारपाजारचीही दुकानं बंद असायची म्हणून. एकानं उघडं ठेवलं की बाकीच्यांची झोप उडालीच. २०१७ मध्ये चितळ्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याचीही बातमी झाली होती.

आता घरातलं. रविवार म्हणजे निवांत उठणं, दहाला पोहे, दुपारी मटणाचा रस्सा आणि मग ताणून देणं. पोहे कुणी केले? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. पुरुषांचा ८८ मिनिटं. त्यात रविवार वेगळा काढला तर बायकांचा आकडा खाली येईल असं मला तरी वाटत नाही. "आई, तू जरा आराम कर गं" असं सोफ्यावरून म्हणायला काही लागत नाही. ओटा आवरायला उठावं लागतं.

आमच्याकडे आता रविवारी संध्याकाळी मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. नवरा आणि मुलगा मुगाची खिचडी करतात, कधी करपते, सगळे मुकाट्यानं खातात. सासूबाईंना पहिले काही आठवडे चैन पडेना, दर दोन मिनिटांनी "मीठ घातलंत का रे?" चालायचं. आता त्या बाहेर निवांत मालिका बघतात.

ऑफिसच्या टीममध्येही आम्ही सगळ्यांनी मिळून मॅनेजरला सांगितलं: रात्री आठनंतर ग्रुपवर काही आलं तर उत्तर सकाळी. खरंच काही पेटलं असेल तर फोन कर. एकटीनं सांगितलं असतं तर अप्रेझलमध्ये निघालं असतं. सगळ्यांनी मिळून सांगितलं, तो आठवडाभर फुगून बसला. त्यानंतर फोन आलेत, पण मोजकेच, आणि एक तर चुकून लागलेला होता.