पाटेलाइनेन यांना अपयशी ठरवणारा हिशेब कुठे चुकतो

फिनलंडच्या फुटबॉलचा विषय निघाला की तिथले माजी फॉरवर्ड आणि राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक मिक्सू पाटेलाइनेन यांच्याविषयीचा एक ठरावीक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : ७० आंतरराष्ट्रीय सामन्यांत अवघे १८ गोल, म्हणजे फॉरवर्ड म्हणून ते सुमारच, कोच म्हणून त्यांनी स्कॉटलंडच्या डंडी युनायटेड क्लबला बुडवले, आणि राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावरून त्यांना हटवून मार्कू कानेर्वा यांना आणताच फिनलंड युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत पोहोचले. यातले आकडे खरे आहेत, त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

पहिला मुद्दा गोलांचा. त्या १८ गोलांपैकी ४ गोल १९९४ मध्ये सॅन मारिनोसारख्या दुबळ्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात झाले, ही टीकाकारांच्या नजरेतून निसटलेली बाबही आधीच मान्य करतो. पण धिप्पाड अंगाचे पाटेलाइनेन हे लांबून आलेला चेंडू बचावपटूला पाठीवर घेऊन अडवून धरणारे आणि सहकाऱ्यांना वाट करून देणारे फॉरवर्ड होते. अशा खेळाडूचे मोल निव्वळ गोलांच्या बेरजेत मावत नाही. शिवाय मोक्याच्या वेळी त्यांनी गोलही केले. मे १९९५ मध्ये वेम्बलीवर, प्रीमियर लीगमधील बढती ठरवणाऱ्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात त्यांचा इंग्लिश क्लब बोल्टन पहिल्या १२ मिनिटांतच रेडिंगविरुद्ध दोन गोलांनी मागे पडला होता आणि रेडिंगला मिळालेली पेनल्टी बोल्टनच्या गोलरक्षकाने अडवली नसती तर सामना मध्यंतरापूर्वीच संपला असता. उत्तरार्धात बरोबरी साधल्यावर जादा वेळेत बोल्टनला प्रथमच आघाडीवर नेणारा गोल पाटेलाइनेन यांचा होता. तो सामना ४-३ असा जिंकून बोल्टन प्रीमियर लीगमध्ये गेले. ऑक्टोबर २००० मध्ये एडिनबराच्या डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या लढतीत, त्यांच्या हिबर्नियनने हार्ट्सचा ६-२ असा फडशा पाडला, त्यातही त्यांची हॅटट्रिक होती.

डंडी युनायटेडची २०१६ मधील पदावनती, म्हणजे खालच्या श्रेणीत झालेली घसरण, त्यांच्या कारकिर्दीत झाली, हे निर्विवाद आहे. मात्र ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा संघ आधीच गुणतक्त्याच्या तळाशी होता. अँड्र्यू रॉबर्टसन आणि रायन गोल्ड २०१४ मध्ये, तर स्टुअर्ट आर्मस्ट्राँग, गॅरी मकाय-स्टीव्हन आणि नादिर चिफ्ची २०१५ मध्ये विकले गेले होते. संघ सावरण्यात ते कमी पडले असे म्हणता येईल. संघ पोखरला गेला तो त्यांच्या आधी.

आणि प्रशिक्षक म्हणून हाच एक हंगाम का मोजायचा? २००५-०६ मध्ये त्यांनी काउडनबीथला स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून दिले. फाइफमधल्या या जुन्या खाणगावाच्या मैदानाभोवती मोटारींच्या शर्यतीची धावपट्टी आहे आणि त्या क्लबने त्याआधी लीगचे विजेतेपद पाहिले होते ते १९३९ मध्ये. पुढे तुर्कूच्या टीपीएस संघाला त्यांनी २००७ मध्ये फिनिश लीगमध्ये तिसरे स्थान मिळवून दिले. हिबर्नियनमधली प्रशिक्षक म्हणून कारकीर्द बेताचीच. परंतु आदल्या हंगामात कशीबशी पदावनती टाळलेल्या किल्मारनॉकला त्यांनी २०१०-११ मध्ये स्कॉटलंडच्या अव्वल श्रेणीतील वरच्या सहा संघांत नेले, उसन्या घेतलेल्या अलेक्सेई एरेमेन्कोभोवती चेंडू जमिनीवर ठेवणारा खेळ उभा केला आणि मार्चअखेर फिनलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद घेण्यासाठी क्लब सोडूनही त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट व्यवस्थापकाचा मान मिळवला.

आता कानेर्वा यांचा मुद्दा, जो सर्वांत बिनबुडाचा आहे. कानेर्वा पाटेलाइनेन यांचेच सहायक होते. २०१५ मध्ये त्यांनी काही सामन्यांपुरती हंगामी जबाबदारी घेतली आणि ती चांगली निभावली, परंतु कायमची नेमणूक स्वीडनच्या हान्स बाके यांची झाली, ज्यांच्या हाताखाली फिनलंडने २०१६ मध्ये ११ सामन्यांत एकही विजय मिळवला नाही. फिरणाऱ्या मजकुरातून हे अख्खे वर्षच गाळलेले आहे. युरोचे तिकीट मिळाले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे पाटेलाइनेन गेल्यावर चार वर्षांहून अधिक काळाने, आणि ते मिळवून देणारा गोलवीर होता तेमू पुक्की. याच पुक्कीने मार्च २०१३ मध्ये पाटेलाइनेन यांच्या संघाकडून खिखोन येथे, तेव्हाच्या विश्वविजेत्या आणि युरोपविजेत्या स्पेनविरुद्ध ७९व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला होता. विश्वचषकाच्या त्या पात्रता गटात स्पेन आणि फ्रान्सच्या मागे फिनलंड तिसरे आले.

त्यांच्यावर टीकाच करायची असेल, तर ती २०१६ च्या युरो पात्रतेवरून करावी. स्पर्धा २४ संघांची झाल्यामुळे दार रुंदावले होते आणि गटही आवाक्यातला होता. उत्तर आयर्लंडने तो जिंकला यावरूनच ते कळते. अशा गटात फिनलंडने रुमानिया, हंगेरी, उत्तर आयर्लंड आणि पुन्हा हंगेरी असे सलग चार सामने गमावले. हंगेरीविरुद्धचे दोन्ही पराभव तर ८० व्या मिनिटानंतर स्वीकारलेल्या एकेका गोलाने झाले आणि त्यातल्या दुसऱ्या पराभवानंतर, जून २०१५ मध्ये, त्यांना हटवण्याचा निर्णय झाला. तो निर्णय योग्यच होता.