जरासंधाची सकाळची बॅच

ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर लोळून एकमेकांचे गळे आवळायची कुस्ती, शिकायला मी गेलो, त्यात ब्राझीलचा दोष नाही. स्वसंरक्षणाचाही प्रश्न नव्हता. पुण्याच्या डहाणूकर कॉलनीत स्वतःचं रक्षण करायची वेळ फक्त पार्किंगवरून येते आणि तिथे जिभेवर भागतं. मी गेलो, कारण चिरंजीवांनी तीन महिन्यांची फी भरायला लावून दोन आठवड्यांत क्लास सोडला. "बाबा, बारावी आहे." फी भरताना जणू नववी होती.

क्लासच्या दारावर पाटी होती : 'एकदा भरलेली फी परत मिळणार नाही. कारणे सांगू नयेत.' त्याखाली बारीक अक्षरात : 'घरातील अन्य व्यक्तीच्या नावे करून मिळेल.' घरात अन्य व्यक्ती तीन. आई चौऱ्याहत्तरची. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. उरलो मी, वय ४६, हिशेबतपासनीस.

क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वर. सकाळी सहाची बॅच. खाली गिरणी सुरू झाली की मॅट थरथरते आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत आपण थकव्याने कापतोय की ज्वारीमुळे, हे कळत नाही. बाकीचे सगळे विशी-बाविशीतले. कोच अठ्ठावीसचा. पहिल्या दिवशी त्याने मला 'सर' म्हटलं, दुसऱ्या दिवशी 'काका'. तिसऱ्या दिवसापासून पूर्ण बॅच मला 'काका' म्हणत आदराने गुंडाळायला लागली. "काका, मान जरा इकडे द्या," असं विनयाने म्हणून गळा आवळणारी पिढी मी आधी पाहिली नव्हती.

या खेळात एक मोठी सोय आहे. नको झालं की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थोपटायचं. याला टॅप म्हणतात. टॅप झाला की समोरचा तत्काळ सोडतो, वर हात देऊन उठवतो. आयुष्यात इतरत्र कुठेच ही सोय नाही, म्हणून मी ती पहिला दीड महिना सढळ हाताने वापरली. गळा आवळला की काही सेकंदांत डोळ्यांपुढे गिरणीतलं पीठ उडायला लागतं. विचाराला वेळ नसतो, हात आपोआप थोपटतो. कोपर उलटं ताणलं की कोपरच कळवतं. पण माझा घात झाला तो ज्या डावात विचार करायला भरपूर वेळ मिळतो, त्या डावात. पुणेकराला विचार करायला वेळ देणं हेच मुळात धोक्याचं.

त्या दिवशीचा डाव होता 'बनाना स्प्लिट'. नाव ऐकून मला हायसं वाटलं. आइस्क्रीमच्या नावाचा डाव माणसाचं काय वाकडं करणार? त्या आइस्क्रीममध्ये केळं उभं चिरतात, हे तेव्हा आठवायला हवं होतं.

कोचने सांगितलं ते असं. समोरचा गुडघे-कोपरं टेकून कासव झाला की त्याच्या कोपर आणि गुडघ्यामधल्या फटीतून आपला पाय आत घालायचा, त्याच्या जवळच्या पायाला अडकवायचा आणि खांद्यावरून कोलांटी मारायची. कोलांटीत तोही आपल्याबरोबर उलटतो. आता त्याचा एक पाय आपल्या दोन पायांच्या कात्रीत. या अवस्थेला 'ट्रक' म्हणतात. का, ते ज्याच्या अंगावर येतो त्याला विचारावं लागत नाही. त्याचा दुसरा पाय अजून मोकळा असतो. तो दोन्ही हातांनी कवटाळून छातीशी धरायचा. आणि मग ओढायचं नाही! इथेच नवखे चुकतात. हातांनी ओढणारा दमतो. आपण फक्त सरळ व्हायचं, सकाळी उठल्यावर आळस देतो तसं. पाय एकीकडे, पाठ दुसरीकडे. समोरच्याचे दोन पाय दोन तालुक्यांत जातात.

बचावही त्याच दिवशी शिकवला, हे कोचच्या बाजूने नोंदवून ठेवतो. मुळात कासव होताना कोपर-गुडघा चिकटवून ठेवायचे, फटच ठेवायची नाही. फसलोच तर मोकळा पाय त्याच्या हाती लागू द्यायचा नाही. लागलाच तर आपल्या दोन हातांनी त्याची पकड सोडवायची, गुडघे एकमेकांकडे आणायचे, कंबर त्याच्या दिशेने फिरवायची. "आणि काका, यातलं काही जमलं नाही तर टॅप. वाट बघायची नाही." वहीत लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

जोड्या पडल्या. माझ्या वाट्याला एकोणीस वर्षांचा एक काटकुळा मुलगा आला. आधी मी करायचं, त्याने सोसायचं. मी अडकवलं, कोलांटी मारली (चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे थोडी भिंतीकडे गेली), पाय कवटाळला आणि सरळ झालो. त्याचे पाय उघडत गेले. उघडतच गेले. एका रेषेत आले. माझी पाठ संपली, हात संपले, तरी तो टॅप करेना. खालून आवाज आला, "काका, सुरू केलंत का?"

मागाहून कळलं की त्याची आजी मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या संस्थेत वर्षानुवर्षं जाते आणि नातवाला, तो बोलायला लागायच्या आधीपासून, उपविष्ट कोनासनात बसवते. पाय फाकवून भुईवर छाती टेकवणं ही त्याची गृहपाठ करायची पद्धत आहे. अशा माणसावर हा डाव म्हणजे रबराचं केळं सोलणं. पण मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी काढलेला निष्कर्ष असा, की या डावात विशेष काही दम नाही.

मग जोड्या बदलल्या. आता समोर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, नव्वद किलोचा, अत्यंत सालस मुलगा. त्यातच आदल्या रात्री चिरंजीवांनी जेवताना मला एक गोष्ट सांगितली होती. एडी ब्राव्हो नावाच्या अमेरिकन गड्याने २००३ साली साओ पावलोमध्ये रॉयलर ग्रेसीला हरवलं. ग्रेसी म्हणजे या खेळातलं पेशव्यांचं घराणं. २०१४ साली दोघं पुन्हा भिडले. वीस मिनिटं. ब्राव्होने त्याचा पाय अडकवून 'इलेक्ट्रिक चेअर' लावली. ती बनाना स्प्लिटची चुलत बहीण, तीही पायच फाकवते. रॉयलरचे पाय ताणले, आणखी ताणले, पण पठ्ठ्याने टॅप केला नाही. सामना बरोबरीत सुटला. आणि तेव्हा त्याचं वय होतं ४८.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा! हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तो लहानपणापासून हेच करत आला होता आणि मी लहानपणापासून शुद्धलेखन करत आलो होतो, हा भाग राहिला नाही.

त्या सालस मुलाने पाय कवटाळला. "काका, करू?" कर म्हटलं. तो आळस द्यायला लागला. मांडीच्या आतून एक ताण निघाला. सोसण्यासारखा होता. मी विचार करू लागलो. हे दुखणं आहे की नुसता ताण? ताणाला टॅप करणं बरोबर दिसेल का? मघाच्या पोराने केला नाही. रॉयलरने केला नाही. मोडेन पण वाकणार नाही, हा आपला बाणा. इथे वाकायचा प्रश्नच नव्हता, दोन्ही पाय पूर्ण सरळ होते. भीती वाटण्यासाठी मराठीत जो एक अशिष्ट वाक्प्रचार आहे तो नेमका कुठून आला असावा, इथपर्यंत माझा विचार पोचला. तेवढ्यात आत कुठेतरी 'टक्' असं झालं.

गिरणी चालू होती. तरी मला ऐकू आलं.

मी थोपटलं. बारा-पंधरा वेळा थोपटलं असेल. त्या बिचाऱ्याने पहिल्या थापेलाच सोडलं होतं, पुढच्या नुसत्याच मॅटवर पडल्या.

खरी परीक्षा खाली रस्त्यावर होती. मोटरसायकलवर टांग टाकणं ही किती गुंतागुंतीची क्रिया आहे, हे टांग जाईनाशी झाल्यावरच समजतं. पाय गुडघ्याएवढा वर गेला की आतला तोच स्नायू वीज सोडायचा. दहा मिनिटं मी गाडीजवळ उभा होतो. एक सद्गृहस्थ कुत्रा फिरवत आले, थांबले, पाहत राहिले. म्हणाले, "किल्ली हरवलीय का?" नाही म्हटलं. "मग बसा की." शेवटी रिक्षा केली आणि तीत देवळात शिरावं तसा वाकून, आडवा शिरलो.

डॉक्टरांनी मांडीच्या आतल्या पाच स्नायूंचं चित्र काढून दाखवलं. पाय जवळ आणणं हे त्यांचं काम. त्यातल्या एकाचे थोडे तंतू तुटलेत, तीन आठवडे आराम. "झालं कसं?" मी म्हटलं, बनाना स्प्लिट. त्यांनी कागदावर काय लिहिलं ते नंतर औषधाच्या दुकानात वाचलं : 'केळ्यावरून घसरले.'

घरी चिरंजीव म्हणाले, "बाबा, पाय फाकवायचे डाव लहान मुलांच्या स्पर्धांत चालतच नाहीत. बंदी आहे."

"आणि मोठ्यांना चालतात?"

"मोठे वेळेवर टॅप करतात असं धरलंय."

आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त पैलवान राहतात. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. मी जिना बाजूबाजूने चढताना त्यांनी पाहिलं आणि हाक मारली. मी सांगितलं. ब्राझील ऐकून ते हसले. "ब्राझीलची कसली? जपान्याने नेली तिकडं." ते खरं आहे, माएदा नावाचा जपानी ज्युदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि त्याच्याकडून ही विद्या ग्रेस्यांच्या घरात गेली. अमेरिकेतली शाळकरी पोरं हाच डाव पाठ टेकवायला वापरतात, हे मी सांगितल्यावर वस्तादांचा चेहरा जरा निवळला. "मग ठीक. चीत करायला पाय फाकवला तर कुस्ती. नुसतं रडवायला फाकवला तर काय कुस्ती ती?" मग म्हणाले, "आपल्याकडं जुन्या लोकांनी मल्लयुद्धाचे चार प्रकार सांगितलेत. भीमसेनी ताकदीची, हनुमंती युक्तीची, जांबुवंती जखडायची. आणि हातपाय मोडायची ती जरासंधी. आता जरासंधाचं काय झालं?"

कृष्णाने गवताची काडी उभी चिरून दोन बाजूंना टाकली आणि भीमाने ओळखलं, एवढं मला आठवत होतं.

"बघ. ज्याच्या नावाची कुस्ती, तोच फाटला. तू तर फी भरून गेलास."

हे सगळं निभावलं असतं. पण त्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. आईने बारावीसाठी बोललेला. म्हणजे पुन्हा चिरंजीवच. पूजेला जोडीने बसायचं, पाटावर, मांडी घालून. मांडी घालणं हा शब्द मी इतकी वर्षं निष्काळजीपणे वापरत आलो होतो. सोवळं नेसून मी पाटावर उतरलो आणि उजवा पाय दुमडेना. गुरुजी म्हणाले, "यजमान, मांडी." मी पाय पुढे सोडला. "देवाकडे पाय नको." बाजूला सोडला, तर तो चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खुंटाला लागला आणि देवाच्या डोक्यावरचं छत्र कलंडलं. समोर केळीचे चार खुंट, नैवेद्याच्या शिऱ्यात केळं, आणि पुढे पाच अध्याय. साधुवाण्याचा अध्याय आला तेव्हा त्याच्या नौकेपेक्षा माझी अवस्था जड होती. बायको कानाशी म्हणाली, "अरे, फार ताणू नकोस, खुर्ची घे." ताणू नकोस हे तिने मुद्दाम म्हटलं की सहज, अजून कळलेलं नाही.

खुर्चीवर बसलेला यजमान म्हणजे सार्वजनिक चौकशीचा विषय. तीर्थप्रसादाला आलेला प्रत्येकजण विचारी, "कुठे दुखतंय?" आता जिथे दुखत होतं ती जागा चारचौघांत, तेही प्रसादाची वाटी हातात धरून, दाखवण्यासारखी नव्हती. पहिल्या मावशीने स्वतःच सुचवलं, "गुडघा का?" मी हो म्हटलं. तिथून मी गुडघ्याचा रोगी झालो. संध्याकाळपर्यंत सात तेलं, दोन काढे, वज्रासनाचा एक सल्ला आणि शस्त्रक्रियेसाठी एका सर्जनचं नाव एवढं जमलं. मावशीने तर दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा पट्टा पाठवला. रोज फोन करून विचारायची, "लावतोयस ना?" खोटं किती बोलणार? लावायला लागलो.

तीन आठवडे संपले. फीचे दहा दिवस शिल्लक होते. बायको म्हणाली, जाऊ दे. पण दहा दिवसांचे पैसे भागाकार करून पाहिले आणि गेलो. गुडघ्याला मावशीचा पट्टा. समोर तोच नव्वद किलोचा सालस मुलगा. पट्टा पाहून त्याचा चेहरा कळवळला.

"काका, गुडघ्यालाही लागलं का त्या दिवशी? मग आज गुडघ्याला अजिबात धक्का लावत नाही. नुसतं वरच्या वर करू." आणि त्याने माझा मोकळा पाय कुठून धरावा, याचा अंदाज घ्यायला सुरुवात केली.

मी त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"काका, अजून पकडलंच नाहीये."

"माहितीये," म्हटलं. "आमच्या घरी आगाऊ भरायची पद्धत आहे."