जुना गेम नव्या मशिनवर नुसता ‘टाकता’ येत नाही

‘रिमेक म्हणजे शुद्ध लूट’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. रिमेक म्हणजे जुना गेम नव्या मशिनसाठी नव्याने बनवणं. त्यात पाच दावे आहेत. जुना गेम नव्या मशिनवर आणणं म्हणजे फाइल कॉपी करण्याइतकं काम. ग्राफिक्स एआयने वाढवले की रिमेकची गरज संपली. एमुलेटरमुळे, म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममुळे, सगळे जुने गेम उपलब्ध आहेतच. रिमेक करणारे आळशी असतात. आणि रिमेक आला की मूळ गेम मारला जातो. माझा भाचा गेम प्रोग्रॅमिंग शिकतोय आणि त्यानेच हा मजकूर ‘एकदम बरोबर’ असा शेरा मारून मला पाठवला. उद्या ज्याला हेच काम करायचंय त्यालाही हे पटत असेल, तर उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात घातक दावा एआयचा आहे, म्हणून तो आधी घेऊ. हा प्रयोग जगासमोर होऊन गेलेला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या तीन गेमची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. आपल्याकडे सायबर कॅफेत एक पिढी ज्या व्हाइस सिटीवर वाढली, तीच. टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चिकटवलेली चित्रं, मोठी करायला स्वयंचलित अपस्केलिंग वापरलं होतं, म्हणजे वाढीव बारकावे यंत्रानेच अंदाजाने भरायचे. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली, स्पेलिंगं चुकली. सॅन अँड्रियासमध्ये ‘टफ नट’ नावाच्या डोनटच्या दुकानावर एक मोठा नट आहे, बोल्टला लावतात तसा षटकोनी. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे गुळगुळीत होऊन तो गोल झाला. दुकानाच्या नावातला श्लेषच त्या आकारावर उभा होता. आकार गुळगुळीत करणाऱ्या यंत्रणेला नट म्हणजे काय हे माहीत नसतं, तिला फक्त ओबडधोबड कडा दिसते. पावसाच्या रेघा इतक्या ठळक की समोरचा रस्ता दिसेना. हे गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला साधारण आठवड्याने जाहीर माफी मागावी लागली.

त्याहून मोठी चूक धुक्याची. मूळ गेम ज्या मशिनसाठी बनला त्या प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी आणि ग्राफिक्सची ४ एमबी. एवढ्या जागेत सॅन अँड्रियासचा अख्खा नकाशा एकदम राहूच शकत नाही, म्हणून जवळचा भाग डीव्हीडीवरून भरत राहायचा आणि लांबचं धुरकट नारिंगी हवेत लपवायचं. त्या धुरकटपणामुळे तीन शहरं एकमेकांपासून फार लांब वाटायची. नव्या आवृत्तीत हवा स्वच्छ केली, आणि उंचावर गेलं की अख्खा नकाशा एका नजरेत मावायला लागला. राज्याएवढं वाटणारं जग एवढंसं झालं. पीसी आणि कॉन्सोलवर जुन्या धर्तीच्या प्रकाशाचा पर्याय परत आला तो थेट नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये.

सायलेंट हिल २ च्या २०१२ मधल्या एचडी आवृत्तीतही हेच झालं होतं. धुकं विरळ झालं आणि तळ्याचं पाणी मध्येच कापल्यासारखं संपताना दिसू लागलं. त्या गेममध्ये धुकं हीच भीती आहे.

अपस्केलिंग वापरूच नये असं मी म्हणत नाही. वापरायचं कसं ते तरी माहीत हवं. माती, विटा, गवत अशी अक्षरं नसलेली टेक्स्चर आधी वेगळी काढायची, यंत्राला फक्त तीच द्यायची. पाट्या, पोस्टर, गाड्यांच्या नंबरप्लेटा मूळ फाँट शोधून हाताने नव्याने काढायच्या. एकमेकांना जोडून पसरणाऱ्या टेक्स्चरच्या चारही कडांना त्याच चित्राची विरुद्ध बाजू थोडी जोडायची, मग मोठं करायचं, मग जोडलेला भाग कापायचा. नाहीतर जमिनीवर चौकटीचौकटींच्या रेघा उमटतात. पारदर्शकतेचा थर रंगापासून वेगळा करून मोठा करायचा, नाहीतर प्रत्येक पानाभोवती काळी किनार येते. फायनल फॅन्टसी ७ सारख्या गेममध्ये मागची चित्रं १६ बाय १६ पिक्सेलच्या तुकड्यांत साठवलेली असतात. तुकडे एकेक करून मोठे केले तर सांधे जुळत नाहीत. आधी पूर्ण चित्र जोडायचं, मग मोठं करायचं, मग पुन्हा कापायचं. आणि हे सगळं झाल्यावर एका माणसाने प्रत्येक पाटी डोळ्यांनी वाचायची. ही शेवटची पायरी गाळली की नट गोल होतो.

आता ‘फाइल कॉपी’चा दावा. जुन्या गेममध्ये बहुतेक वेळा खेळाचं घड्याळ आणि चित्राचं घड्याळ एकच असतं. सेकंदाला ३० चित्रं (फ्रेम) धरून लिहिलेला गेम ६० वर पळवला की नियम बदलतात. डार्क सोल्स २ पीसीवर ६० फ्रेमने खेळताना शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची, कारण तलवार कशाला लागली याची तपासणी प्रत्येक फ्रेमला होत होती. यावर उपाय म्हणजे खेळाचं गणित जुन्याच गतीने ठेवायचं आणि दोन पायऱ्यांमधलं चित्र अंदाजाने भरायचं. त्यासाठी प्रत्येक हालचालीचा कोड उघडावा लागतो, आणि तो कोड हातात असावा लागतो.

तो नेहमी असतोच असं नाही. सायलेंट हिलच्या त्याच एचडी आवृत्तीच्या वेळी अंतिम सोर्स कोड गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीकडे जपलेलाच नव्हता. काम करणाऱ्यांना अर्धवट टप्प्यावरचा कोड मिळाला, आणि मूळ गेममध्ये कधीच्या दुरुस्त झालेल्या चुका त्यांना पुन्हा शोधून काढाव्या लागल्या. किंग्डम हार्ट्सच्या पहिल्या भागाचंही मूळ साहित्य हरवलं होतं, एचडी आवृत्तीसाठी बरंच काही नव्याने उभं करावं लागलं.

आणि जुनी फाइल काही न बदलता चालली तरी ती कशाच्या भरवशावर चालते? सॅन अँड्रियासमध्ये ‘स्किमर’ नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. व्हाइस सिटीत ते बोट म्हणून नोंदलेलं होतं, म्हणून वाहनांच्या यादीतल्या त्याच्या ओळीत चाकांची मापं नव्हती. पुढच्या गेममध्ये ते विमान झालं, पण मापं भरायची राहिली. मेमरीत आधीच्या गाडीची मापं उरलेली असायची आणि गेम तीच उचलायचा. अशी वीस वर्षं गेली. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटने मेमरीतली ती जागा दुसऱ्या कामाला वापरली आणि विमान गेममधून गायब झालं. कारण शोधलं ते जुन्या जीटीए गेममधल्या चुका दुरुस्त करणारा ‘सायलेंटपॅच’ लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने, २०२५ मध्ये. कॉपी केलेली फाइल अशी चालत असते.

‘एमुलेटरवर सगळं मिळतंच’ या दाव्याला एकच आकडा पुरेसा आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात कुठल्याही अधिकृत रूपात विकत मिळत नव्हते. ग्रंथालयांना हे गेम अभ्यासकांसाठी दुरून खुले करता यावेत म्हणून मागितलेली सवलतही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. म्हणजे ‘सगळं मिळतं’ याचा अर्थ ‘चोरून मिळतं’ एवढाच.

आणि अधिकृत एमुलेटरसुद्धा निष्काळजीपणे करता येतो. सोनीच्या २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या जुने गेम भरलेल्या मशिनमध्ये २० पैकी ९ गेम युरोपच्या ५० हर्ट्झवाले, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणाऱ्या टीव्हीसाठीचे, घातले होते. मूळ ६० हर्ट्झसाठी लिहिलेला आणि ५० साठी नीट न जुळवलेला गेम सहाव्या हिश्शाने मंद चालतो.

आळसाच्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. रेसिडेंट ईव्हिल २ (१९९८) चा कॅमेरा एका जागी खिळलेला आहे, कारण मागची खोली हे एक सपाट चित्र आहे. त्याच्या मागे वळून बघायला काहीच नाही. कितीही चांगला पोर्ट केला, म्हणजे आहे तसा नव्या मशिनवर आणला, तरी तो कॅमेरा हलणार नाही. २०१९ चा रिमेक खोल्या नव्याने बांधून उभा राहिला. पहिल्या भागाचा २००२ चा रिमेक तर मूळ दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनीच केला. आणि प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइमचा रिमेक यूबीसॉफ्टच्या आपल्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, जानेवारी २०२१ ची तारीख मिळाली, झलक बघून टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं. रिमेक सोपा असता तर असं झालं नसतं. उलट सुपर मारिओ वर्ल्डसारख्या पिक्सेलच्या गेमला रिमेक नकोच. त्याला अचूक पोर्ट हवा, पिक्सेल पुसट न करणारा. रिमेकचा हक्क त्या गेमला आहे, ज्याच्या कल्पनेला मशीन पुरं पडलं नव्हतं.

पाचव्या दाव्यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जीटीएची नवी आवृत्ती येण्याआधी जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढले होते, ओरड झाल्यावर पीसीवर परत आणले. वॉरक्राफ्ट ३ : रीफोर्ज्ड (जानेवारी २०२०) याहून वाईट. ज्यांनी हा रिमेक विकत घेतला नव्हता त्यांच्याही जुन्या गेमवर ऑनलाइन खेळण्यासाठी नवाच प्रोग्रॅम लादला गेला, आणि आधीच्या सोयी त्यात नव्हत्या. रिमेकचा रेसिडेंट ईव्हिल ३ (२०२०) घ्या, त्यात घड्याळाच्या टॉवरचा भाग जवळजवळ गाळलाच आहे. तो भाग खेळायचा तर मूळच हवा.

पण हा दोष रिमेकचा नाही, मूळ काढून घेणाऱ्या निर्णयाचा आहे. डायब्लो २ : रिझरेक्टेड (२०२१) मध्ये मूळ गेमचं गणित जुन्याच २५ पायऱ्या प्रतिसेकंद गतीने आत चालू असतं, वर फक्त नवं चित्र. ‘जी’ दाबा, जुनं चित्र समोर. वॉरक्राफ्टवाल्या त्याच ब्लिझर्डने २०१७ मध्ये स्टारक्राफ्टची नवी आवृत्ती विकायला काढण्याआधी मूळ गेम फुकट केला, आणि दोन्ही आवृत्त्यांचे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळू शकतात.