आयपी फिरवायला सांगणाऱ्यांनो, बंद करा हे!

नागपूरच्या सीताबर्डीतलं कापडाचं दुकान, धरमपेठेतला कॅफे, इतवारीतला किराण्याचा ठोक व्यापारी, अशांची दहा-बारा इन्स्टाग्राम-फेसबुक अकाउंट सांभाळणाऱ्या पोरांना मोबाइल प्रॉक्सी (तुमचं नेट दुसऱ्या सिमच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, नेणारी सेवा) विकणाऱ्यांनी पार वेडं करून सोडलंय. एकच पालुपद, "दर पाच मिनिटांनी आयपी फिरवा, काही होत नाही." होते ना भाऊ! लॉगिन एका आयपीवरून, रील अपलोड दुसऱ्यावरून, कमेंटला उत्तर तिसऱ्यावरून. मग अकाउंट पडताळणीत अडकतं, आणि ओटीपी जातो दुकानदाराच्या फोनवर, जो भर दुपारी गिऱ्हाइकांत गुंतलेला असतो.

मोबाइल आयपीची ताकद फिरण्यात नाहीच. सीजीनॅटमुळे (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटायची मोबाइल कंपन्यांची पद्धत) एका सार्वजनिक आयपीव्ही४ (आयपीचा जुना प्रकार) पत्त्यामागे कितीतरी ग्राहक एकाच वेळी असतात. तो पत्ता ब्लॉक केला तर साधी माणसंही अडकतात, म्हणून प्लॅटफॉर्म त्याच्या बाबतीत हात आखडता घेतात. बस, एवढंच. तेव्हा एक अकाउंट, एक ब्राउझर प्रोफाइल, प्रॉक्सीचा एक पोर्ट (म्हणजे एक स्वतंत्र कनेक्शन). आयपी बदलायचाच तर काम संपल्यावर, सेशन चालू असताना कधीच नाही. आणि नुसत्या एचटीटीपी प्रॉक्सीवर वेबआरटीसी (ब्राउझरमधली व्हिडिओ-कॉलची सोय) चालू ठेवाल तर घरच्या ब्रॉडबँडचा खरा पत्ता उघडा पडतो, मग प्रॉक्सीचे पैसे पाण्यात.

त्याहून संताप येतो तो 'खास नागपूर फोरजी आयपी' म्हणून जादा पैसे उकळणाऱ्यांचा. अहो, आयपीचं ठिकाण टॉवरवर ठरत नाही, कंपनीचा गेटवे (नेट बाहेर पडायची जागा) जिथे आहे तिथलं दिसतं. नागपूरच्या सिमवर मुंबई दिसली तर त्यात बिघाड काहीच नाही. पाहायचा तो एएसएन, म्हणजे आयपी कोणत्या कंपनीच्या नेटवर्कचा आहे ते सांगणारा क्रमांक. जिओचा असेल तर एएस५५८३६ यायला पाहिजे. तिथे होस्टिंग (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) कंपनीचं नाव दिसलं की समजा, डेटासेंटरचा माल फोरजीच्या भावात गळ्यात मारलाय.

स्वतःची प्रॉक्सी चालवायला घरी डोंगल (सिम घालायची यूएसबी काडी) लावून राहिले त्यांना तर कुणी धड सांगतच नाही. हुआवेचे हायलिंक प्रकारचे डोंगल मूळ सेटिंगमध्ये बहुतेक १९२.१६८.८.१ याच पत्त्यावर असतात. चार एकत्र खोचले की पत्ते एकमेकांत भिडतात आणि रात्रभर "नेट का येत नाही" चालू! एकेक लावा, त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन पत्ता १९२.१६८.९.१, १९२.१६८.१०.१ असा बदला, मग पुढचा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं, डोंगल सिग्नल शोधताना त्याहून जास्त ओढतो आणि बंद पडतो. म्हणून स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेलाच यूएसबी हब घ्या. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, हे सगळं बंद कपाटात कोंबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा!

आणि दुसऱ्याच्या आधारवर सिम काढा म्हणून सल्ला देणारे? एका माणसाच्या नावावर ९ सिमची मर्यादा आहे, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते ज्याचं त्याला दिसतं. ज्याचं आधार, त्याच्याच दारात उद्या पोलीस. लाज वाटायला पाहिजे!

खरं सांगायचं तर, गिऱ्हाइकाच्या पेजसाठी हा सगळा उपद्व्याप लागतच नाही. मालकाने मेटा बिझनेस सूटमध्ये तुमच्या ईमेलला अ‍ॅक्सेस द्यायचा, इन्स्टाग्राम प्रोफेशनल करून जोडायचं, झालं. पासवर्ड नाही, ओटीपीसाठी फोन नाही, पोरगा काम सोडून गेला तर दोन मिनिटांत अ‍ॅक्सेस काढता येतो. हे फुकट मिळतं, म्हणूनच कोणताही विक्रेता तोंडून काढत नाही.