हिशोबात करही धरा

बिटकॉइनचा भाव चढणार असं सांगणारा तुमचा लेख वाचला. त्यात तेजीची सगळी भिस्त एप्रिल २०२४ च्या हाविंगवर, म्हणजे नवे बिटकॉइन मिळण्याचं प्रमाण निम्मं होण्यावर आहे: खाणकामाचं (संगणकावर व्यवहारांच्या नोंदी करण्याचं) बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइन झालं, नवा पुरवठा आटला, म्हणून भाव चढणार. मला हे अर्धंच पटतं. हाविंग कधी होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणजे भावात ते आधीच धरलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या स्पॉट ईटीएफमध्ये (प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या, शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांमध्ये) येणारा पैसा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण तो निघूनही तितक्याच झपाट्याने जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरजवळ पोचलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या घरात आला होता! शिवाय आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि एका क्रिप्टो नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. नव्याने पैसे घालणाऱ्या पोरांसाठी हे लेखात यायलाच हवं होतं.