कटू म्हणजे कडू नव्हे, तिक्त म्हणजे तिखट नव्हे

आयुर्वेदातले सहा रस मराठीत सांगताना एक चूक हमखास होते. मधुर, आम्ल, लवण इथपर्यंत सगळं ठीक चालतं. पुढे 'कटु' दिसलं की लोक कडू लिहितात, आणि 'तिक्त' कानाला तिखटासारखं लागतं म्हणून तिखट. आहे नेमकं उलट! कटु म्हणजे तिखट, तिक्त म्हणजे कडू. (सहावा कषाय, म्हणजे तुरट. त्यात काही घोळ नाही.)

खात्री करायची असेल तर त्रिकटू आठवा: सुंठ, मिरे, पिंपळी. तिन्ही झोंबणारे. कारलं आणि कडुनिंब मात्र तिक्त रसात.

गंमत म्हणजे मराठी 'कडू' आलाय 'कटु'वरूनच. दोन स्वरांमधला संस्कृत 'ट' प्राकृतात 'ड' होतो. घट-घडा, वट-वड, तसंच कटु-कडू. शब्द सरळ वाटेने आला, पण येताना मिऱ्याची चव सोडून कारल्याची धरून बसला. मग झोंबणाऱ्या चवीला नाव मिळालं ते 'तीक्ष्ण'वरून: तीक्ष्ण, तिक्ख, तिख आणि पुढे 'ट', जो आंबट, तुरट, खारट यांतही आहे.

म्हणजे तिखट मुळात धारदार. 'कान तिखट', 'नजर तिखट' हे मला म्हणूनच मिरचीवरून सुचलेलं वाटत नाही. तिथे जुना अर्थच टिकून आहे. मिरची तर पोर्तुगीज आल्यानंतरची. पुढे तिच्या पुडीलाच आपण 'तिखट' म्हणू लागलो, विशेषणाचं नाम झालं.

आणि शब्द किती अचूक निवडलाय पाहा. तिखट ही जिभेच्या अर्थाने चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन चवीच्या नव्हे, उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्या मज्जातंतूंवरचा कॅप्सायसिन ओळखणारा रेणू (रिसेप्टर) अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये शोधला. त्यांच्या 2021 च्या वैद्यकशास्त्रातल्या नोबेलमागे तेही काम आहे. म्हणून तर तिखट हात डोळ्याला लागला तरी आग होते.

तिक्त आणि तीक्ष्ण दोन्ही 'तिज्' धातूचे, 'तेज'ही त्याच घरातलं. त्यामुळे कानाची चूक अगदीच निराधार नाही. बंगालीत 'तेतो' आणि नेपाळीत 'तीतो' म्हणजे आजही कडूच.

'कटू सत्य', 'कटुता' हे आजच्या मराठीत बरोबरच आहेत, ते बदलू नका. पण जुन्या वैद्यकग्रंथाचा अनुवाद करताना 'कटु'समोर तिखटच लिहा.