‘टाकलं’ म्हणण्याआधी

बायकोला अल्झायमर झालेले कुणी निवृत्त गृहस्थ तिला पुण्यातल्या एखाद्या केंद्रात ठेवतात आणि नात्यागोत्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तेच ते सुरू होतं. ‘चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी टाकलं तिला.’ त्यावर कुणीतरी, ‘मुलं बाहेर, मग दुसरं काय होणार!’ आणि शेवटी हमखास, ‘ही सगळी तिकडची थेरं. तिकडे म्हाताऱ्यांना टाकतात, आपल्याकडे सांभाळतात.’ मी फ्रँकफुर्टला राहते, म्हणजे तिकडेच. तो ‘टाकलं’ शब्द वाचला की तळपायाची आग मस्तकात जाते.

आधी ‘तिकडे’चं बघू. २०२३च्या अखेरीस जर्मनीत काळजीची गरज असलेली सुमारे ५७ लाख माणसं नोंदलेली होती. त्यातली ८६ टक्के घरीच होती. करणारी माणसं कोण, तर बायको, नवरा, लेक, सून. परवडणाऱ्यांकडे पोलंडहून आलेली बाई. संस्थेत ठेवलं तर पहिल्या वर्षी महिन्याला पदरचे साधारण ३,००० युरो जातात, हौस म्हणून कुणी ठेवत नाही. भारतातही हा आजार कालपरवा कुठून आलेला नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचा मुख्य प्रकार), प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांतले बहुतेक ‘वय झालंय, विसरायचंच’ या सदरात घरात बसलेले आहेत.

अल्झायमरची पहिली नोंद झाली ती मी राहते त्याच फ्रँकफुर्टमध्ये, आणि तीही एका संसारातून. आउगुस्टे डेटर ही रेल्वेतल्या कारकुनाची बायको. लग्न १८७३चं, एक मुलगी. १९०१मध्ये ती एकाएकी नवऱ्यावर संशय घ्यायला लागली, शेजारणीशी त्याचं काहीतरी आहे म्हणून. मग स्वयंपाक चुकायला लागला, वस्तू लपवणं सुरू झालं, घरात नुसत्या येरझाऱ्या. २५ नोव्हेंबर १९०१ला नवऱ्याने तिला मनोरुग्णालयात दाखल केलं, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी विचारलं, नाव? ‘आउगुस्टे.’ आडनाव? ‘आउगुस्टे.’ नवऱ्याचं नाव? ‘आउगुस्टे, वाटतं.’ दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाताय, तर म्हणाली, पालक. ८ एप्रिल १९०६ला ती तिथेच गेली. तिची फाईल १९९५मध्ये सापडली. त्या रुग्णालयाच्या जागेवर आता विद्यापीठ आहे, पोरं सायकली लावून वर्गात जातात. अठ्ठावीस वर्षांचा संसार करून त्या कारकुनानेही बायकोला ‘टाकलं’ असंच म्हणायचं का?

अल्झायमरच्या घरात हा संशय फार लवकर येतो, आणि तो सगळ्यात जवळच्या माणसावर येतो. कारण साधं आहे. बांगड्या कुठे ठेवल्या हे मेंदूत नोंदलंच गेलेलं नसतं. वस्तू जागेवर नाही एवढंच दिसतं, आणि घरात दुसरं माणूस एकच असतं. ‘मी कशाला घेऊ तुझ्या बांगड्या?’ असं विचारलं की भांडण रात्रीपर्यंत चालतं. ‘चल, शोधू या’ म्हणायचं आणि आधी उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देवघरामागची फट बघायची. लपवायच्या जागा दोन-तीनच असतात, त्या नवऱ्याने पाठ कराव्यात. खऱ्या वस्तू लॉकरमध्ये, आणि हुबेहूब दिसणारा दुसरा बटवा हाताशी. ‘हे माझे यजमान नव्हेत’ इथवर गेलं तर समोर उभं राहून पटवायला जाऊ नये. खोलीबाहेर जावं, पॅसेजमधून नेहमीच्या आवाजात नेहमीचंच काहीतरी बोलावं, ‘चहा टाकतेस ना गं?’ वगैरे, आणि मग आत यावं. चेहरा दगा देतो तिथे आवाज पुष्कळदा तारून नेतो.

नवऱ्याच्या नावावरून आठवलं. तपासणीत नवऱ्याचं नाव विचारतात, आणि आपल्याकडच्या सत्तरी-ऐंशीतल्या कितीतरी बायकांनी ते जन्मात सरळ घेतलेलं नसतं. ‘अहो’ म्हणण्यातच आयुष्य गेलं. तिचं गप्प बसणं म्हणजे विसरणं असेलच असं नाही. ‘उखाणा घ्या’ म्हणून बघावं. लयीत पाठ झालेलं फार उशिरापर्यंत टिकतं, परवचा टिकतो, शुभंकरोती टिकतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती अर्ध्या तासासाठी भेटायला येणाऱ्यांची. ‘छान तर बोलल्या माझ्याशी! कुठे काय झालंय?’ पाहुणा आला की अल्झायमरचा माणूस सगळी ताकद एकवटतो. केस नीट करतो, हसतो, ‘बसा ना’ म्हणतो, आणि पाहुणा गेल्यावर दोन तास गळून पडतो. इथे फ्लेगेग्राड, म्हणजे काळजीची गरज किती त्याची पायरी, ठरवायला मेडित्सिनिशर डीन्स्टचा, म्हणजे विम्याच्या तपासणी विभागाचा, माणूस घरी येतो तेव्हाही नेमकं हेच होतं. आजोबा ताठ बसून ‘मी सगळं माझं माझं करतो’ म्हणतात, बायको मान राखायला गप्प बसते आणि ग्राड कमी लागतो. म्हणून आधी १४ दिवस वही ठेवायला सांगतात. रात्री किती वेळा उठले, किती वाजता, कपडे घालताना कुठे अडले, गॅस चालू राहिला का, दाराबाहेर गेले का. २०१७पर्यंत इथेही शरीराच्या कामांची मिनिटं मोजत, त्यामुळे चालता-फिरता डिमेन्शियावाला रुग्ण हिशेबात फारसा येत नसे. आता येतो. ग्राड ३च्या माणसाला घरचेच सांभाळत असतील तर त्याला महिन्याला ५९९ युरो मिळतात. पुण्यात हा पैसा कुणी देणार नाही, पण वही ठेवायला काही लागत नाही. डॉक्टरांपुढे ‘हल्ली फार विसरते’ म्हणण्यापेक्षा ती वही ठेवावी. आणि शिक्का मारल्यासारखं ‘अल्झायमरच असेल’ म्हणण्याआधी बी-१२, थायरॉइड, कान आणि डोक्याचा स्कॅन. शाकाहारी घरांत बी-१२ तर आधी.

आता आंघोळ, कारण निम्मे संसार तिथे मोडकळीला येतात. ‘आंघोळ करायची का?’ हा प्रश्नच चुकीचा, उत्तर ‘झाली’ असंच येतं, आणि तिला ते खरंच वाटत असतं. आधी बादली भरायची, टॉवेल, कपडे घालायच्या क्रमाने एकावर एक ठेवायचे, न्हाणीघर गरम करायचं, आणि मग हात धरून ‘चला, पाणी काढलंय’ एवढंच. डोक्यावरून शॉवर सोडला की ती किंचाळते, कारण पाणी येताना दिसत नाही. या बाबतीत आपली बादली आणि तांब्या इथल्या शॉवरपेक्षा शंभर पटींनी बरा. पाणी दिसतं, आवाज ओळखीचा असतो, तांब्या तिच्याच हातात देता येतो. सुरुवात पायांपासून. खांद्यांवर टॉवेल राहू द्यायचा. ‘आता पाय, आता हात,’ एका वेळी एकच गोष्ट. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड दिसत नाही, त्याला रंगीत सीट बसवावी. काळं पायपुसणं तिला खड्डा वाटतं, म्हणून ती उंबऱ्यात थिजते आणि लोक म्हणतात, हट्टी झाली.

मग संध्याकाळ. दिवेलागणीला ती आपल्याच घरात ‘मला घरी जायचंय’ म्हणायला लागते. ‘अगं, हेच तुझं घर’ हे सांगून आजवर कुणाचं समाधान झालेलं नाही. अंधार पडायच्या आधी, चार-साडेचारलाच, सगळे दिवे लावावेत, पडदे ओढावेत, कारण काचेत दिसणारं आपलंच प्रतिबिंब तिला परकं माणूस वाटतं. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद. चपला घालून खाली एक फेरी मारावी, परत येताना ‘आलं बरं घर’ म्हणावं. फ्रँकफुर्टला डिसेंबरात साडेचारलाच काळोख होतो, इथे ती घालमेल लवकर सुरू होते आणि लांबते. पुण्याचं ऊन त्या बाबतीत औषध आहे, सकाळी अर्धा तास गॅलरीत बसवलं तर रात्र जरा बरी जाते.

पण रात्र ही रात्रच. बहात्तर वर्षांचा नवरा रात्री चार वेळा उठतो, दार लावलंय का बघतो, ओली चादर बदलतो, सकाळी पुन्हा बादली भरतो. हे एक महिना नव्हे, सहा-सात वर्षं. ‘टाकलं’ लिहिणाऱ्यांनी आधी विचारावं, रात्री कोण उठतं? बहुतेक घरांत उत्तर ‘बायको’ असतं आणि म्हणून कुणी विचारत नाही. नवरा उठत असेल तर त्याची निदान कीव तरी होते.

औषधांत मोठ्या आशा ठेवू नयेत, चुका मात्र टाळाव्यात. डोनेपेझिल ही गोळी ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर १० करतात. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणं यांकडे लक्ष हवं. रात्रीच्या गोळीने भयानक स्वप्नं पडत असली तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. रिव्हास्टिग्मिन या औषधाची पट्टी कातडीवर रोज नव्या जागी लावायची आणि आदली काढायची. ती पाठीवर राहून गेली, वर नवी लागली, की दुप्पट औषध जाऊन उलट्या आणि चक्कर. आदली काढल्याची खात्री करूनच नवी लावावी. झोपेसाठी सर्दीची गुंगीची गोळी देऊ नये, ती या औषधांच्या उलट काम करते. आणि दोन दिवसांत माणूस एकदम बिघडला, भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर तो आजार वाढला असं समजू नये. आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं तपासावं. ‘नवं इंजेक्शन आलंय’ हा फॉरवर्ड लेकॅनेमॅबचा, युरोपात त्याला २०२५मध्ये मंजुरी मिळाली. ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, दर दोन आठवड्यांनी शिरेतून, मधूनमधून एमआरआय करत. माणूस नवऱ्याला ओळखेनासा झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र मी इथलीच बाजू घेणार. इथला फोरझोर्गेफोलमाख्ट, म्हणजे पुढच्या काळासाठी आधीच करून ठेवलेलं अधिकारपत्र, माणसाची समज गेल्यावरही चालतो, किंबहुना त्यासाठीच तो असतो. तो केलेला नसला तरी १ जानेवारी २०२३पासून नवरा-बायकोला एकमेकांच्या उपचारांचे निर्णय सहा महिने घेता येतात. भारतात लोक निर्धास्तपणे कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात, आणि १८७२च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की देणाऱ्याची समज गेली की ते अधिकार संपले. म्हणजे गरज पडते त्याच दिवशी कागद निकामी. मग राज्यघटनेच्या कलम २२६खाली उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. तेव्हा निदान झाल्याच्या पहिल्या महिन्यातच खाती ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करावीत, नॉमिनी तपासावेत, डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र करावं. सही फार लवकर बदलते आणि बँक चेक परत करते. सांभाळण्याच्या संस्कारांवर तासन्‌तास बोलणाऱ्या ग्रुपांवर कलम २०१ एकदाही दिसत नाही.

‘मुलं पैसे पाठवून मोकळी होतात’ हे वाक्य टोचतं, कारण ते खोटं नाही. व्हिडिओ कॉलवरून रात्री उठता येत नाही. इथून होण्यासारखं तेवढं नीट करावं. फोन भारतातल्या सकाळी अकराला, संध्याकाळी नाही. ‘मी कोण, ओळखलंस का?’ अशी परीक्षा घेऊ नये, आपलं नाव आधी सांगावं. पैसे दिवसाच्या बाईसाठी नव्हे, रात्रीच्या आयासाठी द्यावेत, आणि ब्युरोला बजावावं की दर दहा दिवसांनी माणूस बदलायचं नाही, प्रत्येक नवा चेहरा म्हणजे तिच्यासाठी घरात घुसलेला परका. सुट्टी टाकून जावं ते लग्नकार्याला नव्हे. तीन आठवडे बाबांना झोपू द्यायला जावं.

आणि एक गोष्ट मी ग्रुपवर कधी लिहिलेली नाही. या आजारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते. इथे तुर्की कामगारांच्या पिढीतल्या कितीकांचं तसंच झालं, चाळीस वर्षं जर्मन बोललेली माणसं पुन्हा नुसती तुर्की बोलायला लागली. त्यांच्यासाठी काही ठिकाणी तुर्की बोलणाऱ्या परिचारिका आहेत. मराठी बोलणारी एकही कुठे असेल असं मला वाटत नाही. पुण्याच्या केंद्रातल्या त्या बाईंना कुणी ‘टाकलं’ म्हणो, पण रात्री त्यांनी ‘पाणी’ म्हटलं तर पाणी मिळतं. माझा फोलमाख्ट सही-शिक्क्यासह फायलीत आहे, आणि इथल्या उत्तम, स्वच्छ खोलीत मी ‘पाणी’ म्हटलं तर कुणाला कळणार?

म्हणून इथल्या मराठी कुटुंबांना माझं सांगणं आहे की घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी आणि स्वतःसाठीही एक कागद आत्ताच करून ठेवा. डाव्या बाजूला मराठी शब्द जर्मन अक्षरांत, वाचता येतील असे: पाणी, नको, दुखतंय, शू, थंडी वाजते, अहो. उजव्या बाजूला जर्मन अर्थ. ‘ळ’ कसा लिहायचा यावर वेळ घालवू नका. ‘घरी जायचंय’ या शब्दांपुढे मात्र अर्थ लिहू नका. तिथे लिहा: कोट चढवा, इमारतीभोवती एक फेरी मारा, परत आल्यावर दूध-साखर घालून उकळलेला चहा द्या, बशीत ओतून.